उन्हानेच घर गार, उन्हानेच ऊबदार: विदर्भातल्या घरासाठी क्रमवार मार्गदर्शक

नागपूरला 26 मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणातल्या खांबाची सावली खांबाच्या पायातच विरते. शून्य सावलीचा हा दिवस आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर लागणारा नवतपा दरवर्षी एकाच आठवड्यात येतात. त्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही, सगळं छतावर कोसळतं. 21 डिसेंबरला तोच सूर्य भर दुपारीसुद्धा जेमतेम 45 अंशांवर चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत खोलवर शिरतो.

पुढे जे सांगणार आहे ते सगळं या दोन कोनांवर उभं आहे. मे महिन्यात ऊन कुठे पडू द्यायचं नाही आणि डिसेंबरमध्ये कुठे पडू द्यायचं, एवढं ठरवलं की बरंच काम चुन्यात, बांबूत आणि थोड्या विटांत भागतं. माझं सांगणं विदर्भ, मराठवाडा, खानदेश अशा कोरड्या उन्हाळ्याच्या भागातल्या स्वतंत्र घरांसाठी आहे. कोकणातल्या आणि फ्लॅटमधल्या वाचकांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. छत तसंच ठेवून पाचव्या पायरीतलं, घरातली गरम हवा ओढून घेणारं धुराडं बांधणं म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणं.

पहिली पायरी: घर समजून घ्या

खर्च करण्याआधी आठवडाभर फक्त बघा. भिंतीवर टांगायचे दोन साधे थर्मामीटर आणा. एक घरात, छातीच्या उंचीवर, छत आणि भिंतीच्या थेट झळेपासून दूर लावा. दुसरा बाहेर, उत्तरेच्या बाजूला, दिवसभर सावली असेल अशा जागी. सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री नऊ आणि झोपताना आकडे वहीत उतरवा.

रात्री नऊला स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावा. मग पश्चिमेच्या भिंतीला, मग पूर्वेच्या. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब वरून घेतलेली उष्णता साधारण चार तासांनी खाली देतो. म्हणून संध्याकाळी बाहेर वारा सुटलेला असतो आणि घरात पंखा गरम हवाच फेकत असतो. नऊ इंची विटेच्या भिंतीला सहा ते आठ तास लागतात, त्यामुळे दुपारी तापलेली पश्चिमेची भिंत मध्यरात्रीपर्यंत झोपू देत नाही. जिथे हात जास्त भाजतो, तिथून काम सुरू करायचं. दहापैकी नऊ घरांत ती जागा छत असते.

दिशा होकायंत्राने नीट पाहून घ्या, मोबाइलमधलं चालतं. आपल्याकडे प्लॉट रस्त्याला समांतर पाडलेले असतात. आपण जिला दक्षिण म्हणतो ती पुष्कळदा नैर्ऋत्य निघते, आणि छज्जाचं सगळं गणित तिथेच चुकतं.

दुसरी पायरी: छत

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर मेच्या भर दुपारी 80 किलोवॉटच्या पुढे ऊन पडतं. दीड टनाचा एसी घरातून साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मी छतावर इतका जोर का देतो ते कळेल. जुना, काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग त्यातलं दोन-तृतीयांशाहून जास्त ऊन पिऊन घेतो. ताजा पांढरा चुना तेवढंच परत आकाशात पाठवतो. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम त्याचाच भाग झालं.

चुना लावायची योग्य वेळ होळी ते गुढीपाडवा. त्याआधी गच्ची खराट्याने आणि मग तारेच्या ब्रशने घासून धुऊन घ्या. शेवाळाचे काळे डाग राहिले तर त्यांच्यावर चुना पापुद्र्यासारखा सुटतो. भेगा सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगच्या मिश्रणाने भरून दोन दिवस पाणी मारा. चुनकळी विझवायची असेल तर ती कामगारावर सोपवा: पाणी पडताच ती उकळते, उडते, आणि डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. घरच्या घरी करणाऱ्यांनी पिशवीतला तयार विझवलेला चुनाच घ्यावा. तोही त्वचा जाळतो, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. लहान मुलांना त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नका.

चुना आदल्या रात्री पाण्यात भिजवा आणि सकाळी जाड कपड्यातून गाळा. दहा किलो चुन्याला अर्धा किलो फेव्हिकॉल मी कोमट पाण्यात विरघळवून घालतो. जुने लोक डिंक घालत, तोही चांगला. पहिला हात ताकासारखा पातळ ठेवा म्हणजे तो छिद्रांत शिरतो. दुसरा आणि तिसरा थोडा दाट. हे काम ऊन उतरल्यावरच करायचं, आधी गच्ची ओली करून, कुंच्याने, एक हात उभा आणि दुसरा आडवा. उन्हात लावलेला चुना पाणी उडाल्यामुळे पिठासारखा हाताला येतो. तिसऱ्या दिवशी बोट फिरवून बघा. खूप पांढरं लागलं तर एक हात पुन्हा द्या. पावसाळ्यात चुना बराचसा धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा पुताई करावी लागते. मला हा दोष वाटत नाही. त्या निमित्ताने गच्ची वर्षातून एकदा घासली जाते आणि भेगा दिसतात. छताचं पाणी साठवत असाल तर पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी वाहू द्या.

दरवर्षीची मेहनत नको असेल तर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करून घ्या. ते वर्षानुवर्षं टिकतं, फक्त धुळीसाठी उन्हाळ्यात अधूनमधून धुवावं लागतं. वॉटरप्रूफिंग नव्याने करणारच असाल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या टाइल्स ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण कोबा उष्णता अडवतो आणि टाइल ती आधीच परतवते.

टिनाच्या छतावर चुना धरत नाही. तिथे टिनाच्या वर चार-सहा इंच पोकळी ठेवून बांबूचे तट्टे किंवा शेडनेट ताणा, आणि पोकळीच्या दोन्ही कडा उघड्या ठेवा म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. बांधणी पक्की तारेने करा. मेअखेरच्या वादळात सुटलेला तट्टा शेजारच्या घरावर जातो आणि माणसं जखमी होतात. गच्चीवर सोलर पॅनल बसवायचे असतील तर उंच सांगाड्यावर बसवा. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. वीज तर मिळतेच, शिवाय स्लॅबला दिवसभर सावली मिळते आणि खालून वारा खेळतो.

ओल्या गोणपाटाचा उपाय जुना आहे आणि खराही: एक लिटर पाणी उडताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं. पण मराठवाड्यात मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घराला तो सांगवत नाही, आणि सतत ओला राहणारा स्लॅब शेवटी गळतो.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत हा विचार आधीपासून होता. सागवानी तुळयांवर मातीचा जाड थर, वरून पांढऱ्या मातीचा लेप, आणि छतात एक साणं, म्हणजे उजेडा-हवेसाठी ठेवलेलं भोक. दुपारची उष्णता त्या थरातच अडकून पडायची, आणि खोलीत वर जमलेली गरम हवा साण्यातून निघून जायची. आपण स्लॅब टाकला तेव्हा मातीही गेली आणि साणंही बुजलं.

तिसरी पायरी: खिडक्या आणि पश्चिमेची भिंत

दक्षिणेची खिडकी चार फूट उंच असेल आणि तिच्या माथ्यालगत दीड फुटाचा छज्जा असेल, तर नागपूरच्या अक्षांशावर मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी ती जवळजवळ पूर्ण सावलीत राहते. 21 डिसेंबरला वरचा फक्त दीड फूट सावलीत असतो आणि खालच्या अडीच फुटांतून ऊन आत येतं. एका छज्जात दोन्ही ऋतूंची सोय होते. पुण्यात हिवाळ्यातला सूर्य तीनेक अंश वर असतो, तेवढ्याने फार बिघडत नाही. अडचण ऑक्टोबरची आहे. तेव्हा सूर्य 60 अंशांपर्यंत उतरलेला असतो, खिडकीचा खालचा सव्वा-दीड फूट उन्हात येतो आणि अंगाला ती उष्णता नकोशी असते. त्या महिन्यापुरती बाहेरून चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, सोडा.

पश्चिमेला छज्जाचा काही उपयोग नाही. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य 25 अंशांच्या आसपास असतो, आणि दोन फुटांचा छज्जा खिडकीवर फूटभरही सावली टाकत नाही. तिथे उभा आडोसाच हवा: बांबूची चीक, भिंतीपासून फूटभर दूर ताणलेली हिरवी जाळी, लोखंडी तारांवर चढवलेला वेल. आडोसा काचेच्या बाहेर असला पाहिजे. आतला पडदा तापतो तेव्हा ऊन काच ओलांडून आलेलं असतं आणि ती उष्णता आता खोलीची झालेली असते. जागा असेल तर पश्चिमेला कडुलिंब लावा. तो मोठा होईपर्यंत जाळी आहेच.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवरही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन पडतं. उत्तर नेहमी थंड, असं गृहीत धरून तिथे काचेची मोठी भिंत उभारू नका.

चौथी पायरी: रात्रीचा गारवा आत घेणं, दिवसाची झळ बाहेर ठेवणं

इथे खर्च शून्य आहे आणि शिस्त भरपूर लागते. बाहेरचा थर्मामीटर आतल्यापेक्षा खाली गेला की सगळ्या खिडक्या उघडायच्या, सकाळी बाहेरचा वर चढू लागला की बंद करायच्या. नागपुरात मेमध्ये ती वेळ साधारण रात्री नऊ-दहा आणि सकाळी सात-साडेसात अशी येते, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरचं ऐका. दिवसा 43 अंश आणि पहाटे 28 अंश, एवढा फरक कोरड्या हवेत असतो. रात्रभर भिंती आणि फरशी थंड झाल्या की दुपारी त्याच आपल्याला सांभाळतात.

दिवसा घर बंद ठेवा म्हटलं की घरातल्या मोठ्यांना कोंडल्यासारखं वाटतं. आमच्या आईलाही पटलं नव्हतं. मी दुपारी तीनला दोन्ही थर्मामीटर तिच्या हातात दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडक्या लावायचं काम तिनेच घेतलं. रात्री उघडं ठेवायचं तर खिडक्यांना पक्की ग्रिल आणि डासांची जाळी आधी लावून घ्या, नाहीतर ही सवय चार दिवसांत मोडते.

पाचवी पायरी: सौर धुराडं

उन्हाच्या उष्णतेतून गारवा निर्माण करणारी मोठी यंत्रंही असतात. 1878 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑगस्टीन मूशो यांनी आरशांनी ऊन एकवटून त्यावर बर्फ करून दाखवला होता. शिर्डीच्या प्रसादालयावर ज्या जातीच्या शेफलर तबकड्या, म्हणजे ऊन एकवटणारे मोठे वाटोळे आरसे, स्वयंपाकाची वाफ करतात, तशाच तबकड्यांच्या वाफेवर बडोद्याजवळ गोरजच्या मुनी सेवा आश्रमात वातानुकूलन चालवलं गेलं. एका घरासाठी तो पसारा फार मोठा आहे. घराला झेपतं ते धुराडं.

तत्त्व चुलीच्या धुराड्याचंच. उंच, अरुंद पोकळीतली हवा उन्हाने तापते, हलकी होऊन वर जाते, आणि तिच्या जागी घरातली हवा खेचली जाते. पंखा नाही, वीज नाही. मात्र धुराडं फक्त हवा ओढतं, थंड करत नाही. ती हवा घरात कुठून येणार, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या वर्षी मी दुपारभर धुराडं उघडं ठेवलं आणि दाराच्या फटींतून लू आत येऊ लागली. धुराडं उत्तम चालत होतं, माझी वेळ चुकत होती.

दिशा. बाहेरच्या देशांतल्या बऱ्याच आकृत्यांत काच दक्षिणेकडे उभी असते. त्यांचा सूर्य उन्हाळ्यातही बराच कललेला असतो. आपल्याकडे मेमध्ये उभ्या दक्षिण काचेला ऊन लागतच नाही, हे सुरुवातीला पाहिलं. म्हणून आपली काच पश्चिमेला हवी. दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन तिच्यावर थेट येतं. मागची भिंत विटांची ठेवली तर ती तापून राहते आणि रात्री नऊ-दहापर्यंत हवा ओढत राहते, म्हणजे बाहेरची हवा निवू लागते नेमकी तेव्हा.

जागा. स्लॅब फोडू नका. जिन्यावर गच्चीत निघणारी छोटी खोली, आमच्याकडे तिला टॉवर म्हणतात, हे अर्धं बांधलेलं धुराडंच आहे. घरातली गरम हवा जिन्यातून वर चढून तिथे साचलेली असते. या टॉवरच्या पश्चिम भिंतीला बाहेरून धुराडं चिकटवायचं. भिंतीत खाली भोक पाडावं लागतं. ती भिंत भार वाहणारी आहे का, हे इंजिनियरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नका.

माप. चार फूट रुंद, दहा इंच खोल पोकळी, उंची दहा फूट. टॉवरच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर आणि त्यावर काळा रंग, चकाकी नसलेला. दोन्ही बाजूंना साडेचार इंची विटांच्या भिंती, पुढे अॅल्युमिनियमच्या चौकटीत पाच मिलिमीटरची टफन काच. साधी काच उन्हाने तडकते आणि वादळात पडली तर धोक्याची. तळाशी टॉवरच्या भिंतीत चार फूट बाय दहा इंचांचं तोंड, त्याला आतून बंद करता येणारी झडप. ही झडप सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर काटकसर करू नका. वरचं तोंड टॉवरच्या छतापेक्षा उंच न्या, पावसासाठी वर टोपी द्या, आणि तोंड पूर्वेकडे उघडा, कारण उन्हाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि समोरून आला तर गरम हवा परत खाली ढकलतो. कबुतरांसाठी जाळी लावाच. एकदा घरटं झालं की पुढची वीण होईपर्यंत मन घट्ट करून ते काढवत नाही.

या मापाच्या धुराड्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंश जास्त तापली आणि खाली तेवढ्याच क्षेत्रफळाची खिडकी उघडी असली, तर हिशेबाने तासाला सहाशे घनमीटरच्या आसपास हवा ओढली जाते. बारा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा तासात पंधरा वेळा बदलण्याएवढं हे आहे. जाळी, वळणं, जिन्याचे कोपरे यांत काही घट होते. खोल्यांमध्ये विभागलं की ते आणखी वाटलं जातं. तरीही रात्री वारा पडलेला असताना हा ओढा जाणवतो.

चाचणी उदबत्तीने करा. संध्याकाळी सातला झडप उघडा, उत्तर किंवा पूर्वेची एक खालची खिडकी उघडा, बाकी सगळं बंद. खिडकीपाशी उदबत्ती धरली की धूर सरळ आत वळला पाहिजे. वळत नसेल तर मधलं कुठलंतरी दार बंद आहे किंवा आत येणारी जागा लहान पडते. सगळ्या खिडक्या बंद ठेवून झडप कधीही उघडू नका. धुराडं हवा कुठून तरी खेचणारच, आणि न्हाणीघराच्या जाळीतलं पाणी आटलेलं असेल तर गटाराचा वास घरभर येतो.

वापर. दिवसा झडप बंद. बाहेरचा पारा आतल्यापेक्षा खाली उतरला की उघडायची. याला एक अपवाद आहे, खस. उत्तरेच्या खिडकीला वाळ्याची ओली ताटी लावली आणि बाकी खिडक्या बंद ठेवल्या, तर दुपारीही धुराडं चालवता येतं. बाहेर 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असताना चांगल्या ओल्या ताटीतून आलेली हवा 29-30 अंशांपर्यंत उतरू शकते. त्यासाठी तासाला तीन-चार लिटर पाणी जातं. ताटी घट्ट विणलेली असेल तर धुराड्याचा ओढा तिला पुरत नाही, विरळ विणीची मागून घ्या. घरात कूलर असेल तर मी सरळ तोच वापरा म्हणेन आणि झडप थोडी उघडी ठेवा. कूलरवाल्या खोलीतली चिकट दमट हवा बाहेर जायला वाट लागते. बहुतेक घरांत ती वाट नसते, म्हणून कूलर चार वाजेनंतर गार करेनासा होतो.

कोकण, मुंबई, गोवा आणि फ्लॅट

समुद्राकाठी खस आणि कूलर विसरा. 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेत ओली ताटी फार तर चार अंश उतरवते आणि घाम वाळू देत नाही. तिथे सावली आणि अंगावरून सतत फिरणारी हवा या दोनच गोष्टी उपयोगी. कौलारू घराची कौलं उतरवून स्लॅब टाकण्याचा विचार असेल तर फिरून विचार करा. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा आपोआप निघते. स्लॅब टाकलाच असेल तर वर पत्र्याऐवजी कौलांचं दुसरं छप्पर घ्या आणि मधली जागा चारी बाजूंनी मोकळी ठेवा.

फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर सोसायटीच्या सभेत गच्ची पांढरी करण्याचा विषय मांडा. खर्च सगळ्यांत वाटला तर किरकोळ येतो. मधल्या मजल्यावर पश्चिमेच्या खिडकीबाहेरची चीक आणि रात्रीची शिस्त, एवढंच आपल्या हातात, पण तेही थोडं नाही.

सहावी पायरी: हिवाळ्याची ऊब

निफाडला पारा एक आकडी होतो, नागपुरातही डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे आठ-दहा अंशांपर्यंत उतरतात. थंडी जेमतेम सहा-आठ आठवड्यांची. त्यासाठी घराची रचना बदलू नका. फ्रान्समध्ये ओदेयो इथे 1967 मध्ये फेलिक्स त्रोंब यांनी दक्षिणेच्या काळ्या भिंतीपुढे काच लावून घर तापवलं. लडाखमध्ये अशा भिंती अनेक घरांत उपयोगी पडतात, आणि तिथल्या फे गावातल्या सेकमॉल या पर्यायी शाळेचा परिसर कडाक्याच्या थंडीतही उन्हावर ऊबदार राहतो. आपल्याकडे तीच भिंत ऑक्टोबरच्या उन्हात छळेल. काढून ठेवता येईल अशीच सोय हवी.

सगळ्यात आधी दिवाळीची सफाई करताना दक्षिणेच्या खिडकीवरची चीक, जाळी, आतले जाड पडदे काढा आणि काच पुसा. उन्हाचा पट्टा पडतो तिथली सतरंजी उचला. शहाबादी किंवा कडप्प्याची उघडी फरशी ऊन पिते आणि संध्याकाळी परत देते, सतरंजीखाली ती गारच राहते. साडेचारला खिडकी लावून पडदा ओढा.

म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असलेल्या खोलीसाठी खिडकीपेटी करा. दक्षिणेला अंगण असलेली तळमजल्याची खिडकी हवी. तीन फूट रुंद, पाच फूट लांब आणि सहा इंच खोल अशी वॉटरप्रूफ प्लायची पेटी करायची, तिचं खालचं टोक जमिनीकडे आणि वरचं खिडकीच्या चौकटीत, उतार 45 अंश. डिसेंबरचं दुपारचं ऊन त्यावर काटकोनात पडतं. पेटीच्या मधोमध प्लायची आडवी फळी, तिच्या वर काळा रंगवलेला टिनाचा पत्रा. ही फळी तळाशी तीन इंच आखूड ठेवा. वर काच. खोलीतली गार हवा फळीखालून खाली उतरते, तळाशी वळते, पत्र्यावरून तापत वर चढते आणि खोलीत येते. पेटी खिडकीच्या खाली असल्यामुळे रात्री गार हवा तळाशी बसून राहते आणि उलटा प्रवाह आपोआप थांबतो. खिडकीच्या उरलेल्या फटी कापडाने किंवा रबराच्या पट्टीने बुजवा. पेटीला आतून थर्माकोल लावू नका, तो तापून आक्रसतो आणि वास सोडतो. ग्लासवूल किंवा पुठ्ठ्याचे चार-पाच थर पेटीच्या बुडाला आणि बाजूंना बाहेरून लावून त्यांवर पत्रा मारा. भर उन्हात या पेटीतून चारशे-पाचशे वॉटच्या हीटरएवढी ऊब मिळते, साधारण दहा ते तीनपर्यंत. तेवढ्या वेळात खोलीच्या भिंती तापवून घ्यायच्या आणि संध्याकाळी दार लावून ती ऊब जपायची.

हिवाळ्यात धुराड्याची झडप घट्ट बंद असल्याची खात्री करा. फट राहिली तर दुपारभर कमावलेली ऊब जिन्यातून वर निघून जाते. झडपेच्या कडांना रबराची पट्टी चिकटवली की काम होतं. संक्रांत झाली, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की पेटी उतरवा, काच कापडात गुंडाळून माळ्यावर टाका आणि दक्षिणेची चीक पुन्हा बाहेर काढून तिच्या सुटलेल्या काड्या बांधून घ्या. चुन्याच्या पिशव्याही तेव्हाच आणून ठेवा, होळीच्या सुमारास दुकानात गर्दी होते.